म्हसावदची मेणाची नळी

तबकडीचा ग्रामोफोन पेटीतून बाहेर आला आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हा चालणार नाही."

लोणखेड्यातल्या एका मोठ्या घराची ओसरी आमच्या चित्रपट कंपनीने चित्रणासाठी घेतली होती. लढाई संपल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. पुण्याहून आलेली माणसे डोक्यावर ओले पंचे टाकून सावली शोधत हिंडत होती. मी शहाद्याचा, मला त्या उन्हाचे काही वाटत नव्हते. कंपनीत माझे काम संवादांच्या नकला करून नटांना देण्याचे, पण चित्रण माझ्याच मुलखात आले तेव्हा 'हा इथला' म्हणून बैलगाडीपासून कढईपर्यंत सगळे मला विचारू लागले. त्यामुळे माझा आवाज जरा चढला होता, हे कबूल करतो.

चित्रातली गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची होती. एक शाळामास्तर विदेशी कापडाची होळी करतो. पकडले जाण्याच्या आदल्या दिवशी तो आपले चार शब्द यंत्रात बोलून ठेवतो, आणि तो तुरुंगात मेल्यावर त्याची बायको ते ऐकते. सगळे चित्र या एका प्रसंगावर उभे होते, आणि त्यासाठी सामान सांभाळणाऱ्या काकांनी आणले होते पितळी कर्ण्याचे, तबकडीचे यंत्र.

"काय वाईट आहे यात?" काका म्हणाले. "कर्णा बघ कसा चकाकतोय."

"काका, तबकडी कारखान्यातून छापून येते. घरी बसून तिच्यात बोलता येत नाही. त्या वेळी घरात आवाज भरायचा तर मेणाच्या नळीचा फोनोग्राफ लागायचा. हे यंत्र फार तर दहा वर्षांपूर्वीचं आहे."

"प्रेक्षक काय नळ्या मोजायला येतात होय?"

"म्हणून त्यांना खोटं दाखवायचं?"

"अरे बाळा, ती मास्तरची बायको तरी कुठे खरी आहे! काल माझ्याकडून विडी मागून ओढली तिनं."

ओसरीभर हशा झाला. मी हसलो नाही. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवत, आणि मुळाक्षरे मी पत्रकांवर शिकलो. ओल्या शाईची, एका बाजूने छापलेली पत्रके. वाटून उरली की चुलीत जायची. बेचाळीसच्या धामधुमीत मी स्वतः ती सदऱ्याखाली बांधून गावोगाव नेली. पत्रकात जागा थोडी असते. तिथे एक बाजू खरी आणि दुसरी खोटी, मधले काही मावत नाही. मला तेव्हा जगही तेवढेच वाटत होते.

दिग्दर्शकांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांनी तबकडीच्या यंत्राची किल्ली एकदा फिरवून पाहिली. मग म्हणाले, "आज सोमवार. मास्तरचं काम करणारा शुक्रवारी जातोय. गुरुवारी सकाळपर्यंत तुझं ते यंत्र इथे आण. नाही आणलंस तर याच्यावरच करू, आणि मग खरं-खोटं हा शब्द माझ्या चित्रणावर पुन्हा काढायचा नाही."

मी त्याच उन्हात सायकल काढली.

शहाद्याच्या बाजारात एक म्हातारे घड्याळजी होते. त्यांनी डोळ्यावरचे भिंग काढले आणि मला खालून वरपर्यंत पाहिले.

"नळीनं का तबकडीनं?"

"नळीनं."

"मंग चाळीस वरीस मांगे जावं लागी, भो. एक ब्राह्मणपुरीले शे म्हनतस. आन म्हसावदले एकनी स्प्रिंग मीच बसाडेल शे. दहा वरीस व्हयनात."

"चालस का ते?"

"वरीसमा एकदाव. तो आबा आखाजीलेच लावस. काबर ते तूच इचार."

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया.

मंगळवारी मी आधी ब्राह्मणपुरी गाठली, कारण ती जवळ होती. तिथल्या गृहस्थांनी चादरीखालून यंत्र काढले. चिंचेने घासून घासून कर्णा आरशासारखा केलेला, आणि खाली तबकडी फिरवायची थाळी.

"मन्हा आजाना लगीनमा वाजेल शे," ते छातीवर हात ठेवून म्हणाले.

"आजाचं लग्न केव्हाचं?"

"व्हतीन शंभर वरीस."

"शंभर वर्षांपूर्वी हे यंत्र साहेबाच्या देशातसुद्धा नव्हतं."

"मंग आमना गावमाच पहिलं ऊनं व्हई!" असे म्हणून त्यांनीच इतके हसून घेतले की मला रागावता आले नाही. ताक पाजल्याशिवाय त्यांनी सोडले नाही.

बुधवारी दुपारी म्हसावदला पोचलो तेव्हा एक दिवसही हातात उरला नव्हता. आबा हे तिथले जमीनदार शेतकरी, साठीच्या आतबाहेरचे, अंगाने भरलेले, मोकळ्या तोंडाचे. सिनेमाचे नाव काढताच ते आपणहून उठले आणि धान्याच्या खोलीतून एक पेटी पोटाशी धरून घेऊन आले.

"मन्हा बापनी सुरतथून आनेल शे. कापूस इकाले जायेल व्हता, हाई ली ऊना. माय तीन दिन त्याना संगे बोलनी नही."

मी पेटी उजेडात ओढली. सागवानी रंगाची पेटी, बाजूला किल्ली. वर एक चकचकीत आडवा दांडा, त्यावर केसासारखे बारीक आटे. दांड्याशेजारी निमुळती लाट, म्हणजे गोल रूळ; मेणाची नळी तिच्यावर बांगडीसारखी चढते. काळ्या पत्र्याचा लहानसा कर्णा. एका कडेला नखाएवढे धारदार पाते होते, ते कशासाठी हे मला तेव्हा माहीत नव्हते. बरोबर चार पुठ्ठ्याच्या डब्या. तीन नळ्या उभ्या तडकलेल्या आणि बुरशीने पांढऱ्या पडलेल्या. चौथी धड होती, गुळाच्या रंगाची, वर बारीक रेघांचा आवाज कोरलेला. हेच ते. ओरडावेसे वाटले.

"चालतं का बघू," मी म्हणालो.

आबांनी नळी चढवली, किल्ली दिली. नळी फिरू लागली आणि त्याच वेळी अंगणातून कुणीतरी ओरडले, "आबा! आखाजी नही ऊनी अजून!"

चाळिशीचा एक काटक माणूस डोक्यावरचा कडब्याचा भारा तिथेच टाकून धावत आला. ओसरीत शिरण्याआधी तो सरळ पाण्याच्या रांजणाकडे गेला. भरलेला तांब्या त्याने कर्ण्याखाली आणून ठेवला आणि हात बांधून उभा राहिला. तोपर्यंत सुई नळीला लागली होती.

खरखर. मग एक दणदणीत आवाज: "बोल! भ्यावू नको, बोल!" मग दुसरा, बारीक, घाबरलेला, डोंगरातल्या पावरी बोलीत काहीतरी विचारणारा. थोडी शांतता. मग त्याच बारीक आवाजाने गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या. खोकला. पुन्हा एक ओळ, आणि शेवटी हसू, जणू आपण काय केले हे त्याचे त्यालाच समजत नव्हते. मग नुसती खरखर.

त्या माणसाने तांब्या उचलला, उंबऱ्याबाहेर पाणी हळूहळू मातीत ओतले, आणि माझ्याकडे पाहिले. शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

"हाऊ मन्हा सालदार," आबा म्हणाले. "याना बाप डबामा बठेल शे!"

मग हळूहळू मला सगळे कळले. याचा बाप डोंगरातून डिंक आणि चारोळी घेऊन उतरत असे. एकदा आबांच्या वडिलांनी त्याला यंत्रासमोर बसवून बोलायला लावले. त्याच साली तो तापाने गेला. मुलगा तेव्हा आईच्या पाठीवर बांधलेला. मोठा झाल्यावर तो मजुरीला म्हणून उतरला, आणि या घरात एका आखाजीला त्याने बापाचा आवाज ऐकला. तेव्हापासून तो इथेच होता.

आमच्या खानदेशात आखाजीला गेलेली माणसे पाणी प्यायला घरी येतात. मातीची घागर भरायची, तिच्यावर खरबुजासारखे डांगर ठेवायचे, धूप दाखवायचा आणि मग त्यांना हाक मारायची. डोंगरातला हा माणूस सपाटीवर राहून ही रीत शिकला होता, आणि आमच्यापेक्षा कडक पाळत होता.

"घागर भऱ्याशिवाय हाक माराव नही, दादा," तो मला म्हणाला. "तहान्या येई, तहान्या जाई."

माझी आई दर वर्षी घागर भरते. मला हे कळायला हवे होते. पण मी यंत्र बघत होतो.

सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, वर्षही आखाजीलाच संपते. त्या दिवशी तो नव्या धन्याकडे जाऊ शकतो. "पंधरा आखाज्या व्हयन्यात," आबा कौतुकाने सांगत होते. "गोमाई नदीना त्या आंगे लोके याले जास्ती जवारी देतस, तरी हाऊ जास नही. बाप आठे शे ना!"

माझे डोके तापले. "आबा, बापाच्या आवाजावर माणूस बांधून ठेवता तुम्ही?"

आबांचे हसू गेले, पण रागाने नाही. त्यांना खरोखरच समजले नव्हते. "बांधस कोठे? दोर दिखस का तुले? मी याले ऐकाडस. दुसरा कोनी ऐकाडी का?"

याला उत्तर माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हते.

यंत्र त्यांनी आनंदाने दिले. "ली जाय. मन्हा बापनं यंत्र सिनेमामा! तुमले काय करनं ते करा. आखाजीले परत पाहिजे, इतलंच." माझ्या वहीत तसे दोन ओळींत लिहून त्यांनी सहीही केली. आखाजी रविवारी होती.

"नळी मी ली जासू," सालदार म्हणाला. त्याने विचारले नाही, सांगितले.

गुरुवारी उजाडताच आम्ही बैलगाडीने निघालो. यंत्र गवतात ठेवले होते. नळी मात्र त्याने कापसात गुंडाळून एका लहान मडक्यात घातली होती आणि मडक्याला ओले फडके बांधून ते मांडीत धरले होते. उन्हाने मेण मऊ पडते हे त्याला कुणी शिकवले नव्हते. मी कासरा धरला होता, बैल माझे ऐकत नव्हते आणि तो मडके सोडून कासरा घ्यायला तयार नव्हता.

"सिनेमामा मन्हा बाप बोली का?"

"नाही. एक मास्तर बोलेल. खोटा मास्तर."

"मंग मन्हा बाप कोठे जाई?"

"कुठेच नाही. नळी नुसती फिरेल, तिला सुई लागणार नाही. मी शब्द देतो."

त्याने मडक्यावरचे फडके नीट केले. मग म्हणाला, "बाप कसा दिखे, माले माहीत नही. कसा खोके, ते माहीत शे."

मी शब्द दिला तेव्हा तो खराच दिला होता. ते पाते कशासाठी असते हे मला माहीत नव्हते, एवढेच.

यंत्र पाहून ओसरीवर एकच गडबड उडाली. काकांनी कर्ण्यावर टिचकी मारून "बरं आहे" म्हटले, आणि ते काकांच्या तोंडून फार होते. अण्णा गुडघ्यांवर रांगत पेटीच्या चारही बाजूंनी हिंडले. आवाज घेणारे गृहस्थ, त्यांना सगळे आवाजवाले म्हणत, सगळ्यांत जास्त हरखले. लहानपणी त्यांच्या मामाकडे असलेच यंत्र होते. त्यांनी तडकलेल्या नळ्या एकेक उचलून पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या. मग सालदाराच्या मडक्यातली नळी पाहिली, आणि पेटीच्या कडेचे ते पाते वर केले.

"अण्णा, एक अप्रतिम गोष्ट होईल. मास्तर बोलतोय, आणि कॅमेरा अगदी जवळून नळीवर. कोरणी मेणात शिरते आणि मेणाचा केसासारखा धागा उठतो. असं कुणी दाखवलेलं नाही. फक्त नळी कोरी लागेल. हे पातं त्यासाठीच आहे. दोन मिनिटांत जुना आवाज तासून निघेल."

मी म्हणालो, "ही नळी तासायची नाही."

"का?"

मी सांगितले. बाप, ताप, आखाजी, सगळे. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतले. ते वाईट माणूस नव्हते. या चित्रासाठी त्यांनी तीन वर्षे घालवली होती आणि मास्तर उद्या जाणार होता.

"मग काय करायचं?" त्यांनी विचारले. "नळी नुसती फिरवायची आणि मास्तर बोलतोय असं भासवायचं?"

"हो."

"म्हणजे खोटं."

कुणीतरी मागे खुदकन हसले. अण्णा हसले नाहीत.

"सोमवारी तू माझ्या तोंडावर काय बोललास ते आठव. कोरलेल्या नळीवर पुन्हा आवाज बसत नाही, हे तुला माहीत आहे. यंत्राच्या मालकांनी लिहून दिलंय, काय करायचं ते करा. तरी मी त्या माणसाचा विचार करतो. आवाजवाले आधी त्याच्या बापाचा आवाज आपल्या फिल्मवर उतरवून घेतील. नळीपेक्षा चांगला राहील. शंभर वर्षं राहील. मग तासू. यात कुणाचं काय गेलं?"

बोलणे नीट होते.

सालदार पायरीवर बसून आमच्या तोंडांकडे बघत होता. पुण्याची भाषा त्याला कळत नव्हती. "काय म्हनतस, दादा?"

मला चुकवून सांगता आले असते. मी सगळे सांगितले. पाते दाखवले. फिल्मचेही सांगितले.

"ते मी कोठे ऐकसू?"

मी आवाजवाल्यांना विचारले. "पुण्याला, आमच्या यंत्रावर," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांनी मान खाली घातली.

"पुनं कितलं दूर?" सालदाराने विचारले. मी सांगितले. मग तो म्हणाला, "आबानी हा म्हनी?"

"हो."

"आन तू?"

"मी नाही म्हटलं."

"तुन्हं कोन ऐकस?"

अण्णांनी घड्याळ पाहिले. "जेवून घ्या सगळे. जेवणानंतर लगेच करू. तू त्याला समजाव."

सगळे पंगतीला गेले. ओसरीवर आम्ही दोघे, यंत्र, आणि ते मडके. आतून ताटांचा आवाज येत होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "नळी घे आणि जा."

तो हलला नाही. "आबा चोरीना आळ लई. मी भिल्ल-पावरा माणूस. फौजदार इचारत नही, पहिले बांधस."

हे खरे होते. डोंगरातल्या माणसाजवळ जमीनदाराच्या घरची वस्तू सापडली की पुढे काय होते, हे त्या भागात लहान मूलही सांगेल.

"मी सांगेन माझ्या हातून पडून फुटली."

"तू खोटं बोलशी?"

"हो."

त्याने माझे तोंड नीट निरखले. "तुले जमी का?"

मला हसू आले. त्याने मडक्यातून नळी काढली, कापसासकट फेट्याच्या आतल्या घडीत बसवली आणि फेटा पुन्हा बांधला. मडके तसेच ठेवले. बैल जुंपून तो म्हसावदच्या वाटेला लागला, रोजच्यासारखा, घाई न करता. तो वळणाआड जाईपर्यंत मी थांबलो. मग तडकलेल्या तीन नळ्यांपैकी एक घेतली, तिची बुरशी धोतराच्या सोग्याने पुसली, आणि ती मडक्याजवळच्या फरशीवर आपटली.

सगळे धावत आले. मी म्हणालो, "दाखवायला काढली, हातातून निसटली. तो बघताच उठून निघून गेला." आवाज माझा मलाच परका वाटला.

अण्णा जाऊन खांबाला टेकले आणि डोळे मिटले. आवाजवाले खाली बसून तुकडे गोळा करू लागले. एक तुकडा त्यांनी उजेडात धरला. त्याच्या आतल्या बाजूला पांढरा डाग राहिला होता. त्यांनी डब्यांकडे पाहिले.

"तडकलेल्या तीन होत्या ना? इथे दोनच…"

ते थांबले. माझ्याकडे बघितले. माझ्या तोंडावर काय दिसले कुणास ठाऊक.

"दोनच होत्या," ते म्हणाले. "माझ्याच ध्यानात नाही राहिलं." आणि ते तुकडे त्यांनी आपल्या खिशात टाकले.

प्रसंग काकांनी निभावला. शेवग्याच्या लाकडाचा गोल तुकडा त्यांनी तासला, त्यावर मेणबत्ती वितळवून ओतली, तपकिरी रंग लावला. पडद्यावर ती नळी फार छान दिसते. पुढे नंदुरबारला तंबूत मी ते चित्र पाहिले तेव्हा माझ्या शेजारचा माणूस हमसून रडत होता. कंपनीतली माझी नोकरी मात्र त्याच गुरुवारी संपली. "तुझ्यावर राग नाही," अण्णा म्हणाले, "पण तुझ्यामुळे माझं मन एकदा डळमळलं, ते पुन्हा डळमळायला नको."

यंत्र परत द्यायचे काम माझेच होते. आखाजीच्या सकाळी मी म्हसावदला गेलो. झाडांना झोके बांधले होते, माहेरी आलेल्या मुली गौराईची गाणी म्हणत होत्या. आबांच्या ओसरीत घागरी मांडून तयार होत्या, आणि थोडी बाजूला, पायरीवर, सालदाराची एक लहान घागर. तो तिच्याजवळ उभा होता. तीन दिवस नळी गोठ्यातल्या वैरणीत होती, हे त्याने मला नंतर सांगितले. आबांना त्याने काहीही सांगितले नव्हते.

"ऊना का! लाव, लाव, ऊन चढी ऱ्हायनं," आबा म्हणाले.

"आबा, नळी फुटली. माझ्या हातून."

आबा प्रथम सालदाराकडे वळले. "आरे, तुन्हा बाप गया रे!" त्यांच्या आवाजात खरी कळवळ होती. सालदार जमिनीकडे बघत राहिला. मग आबा घागरींकडे पाहू लागले, आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. ते खाली बसले.

"त्यामा मन्हा बाप बी व्हता," ते म्हणाले.

तो दणदणीत आवाज. 'बोल, भ्यावू नको, बोल.' मी तो ऐकला होता आणि विसरून गेलो होतो. माझ्या हिशेबी तो जमीनदाराचा आवाज होता, कुणाच्या बापाचा नव्हता.

आबा रडले नाहीत. पंच्याने घागरीवरची नसलेली धूळ पुसत राहिले. सांगून टाकावे, असे माझ्या जिभेवर आले. मी सालदाराकडे पाहिले. त्याच्या दोन्ही हातांच्या घट्ट मुठी झाल्या होत्या, पण तो मान हलवून नको म्हणत नव्हता. माझ्यावर सोडले होते त्याने. मी गप्प राहिलो. ते गप्प राहणे बरोबर होते असे मी आजही म्हणतो, आणि कुणी विचारले तर घसा खाकरून म्हणतो.

घागरी पुजून झाल्यावर आबांनी रिवाजाप्रमाणे त्याला नवे धोतर दिले. "आते तू काय करशी?"

"डोंगरमा जासू, आबा."

"जाय," आबा म्हणाले. "आते मन्हाकडे काय शे तुले ऐकाडाले?"

तो त्याच दुपारी गेला. मी थोडा मागून निघालो आणि पुढच्या नाल्यापाशी त्याला गाठले. फेट्यात नळी होती, पण ऐकायला यंत्र नव्हते. मी म्हणालो की मी शोधीन. तो म्हणाला, "देखसू."

तेव्हापासून मी शोधतो आहे. तळोद्याच्या मोडबाजारात एक मिळाले, त्याला लाट नव्हती. नंदुरबारला एका पारशी दुकानदाराकडे एक आहे, त्याची स्प्रिंग तुटलेली, आणि तो ते शोभेसाठी ठेवणार म्हणतो. मुंबईला पत्रे लिहिली, दोन उत्तरे आली, दोन्ही तबकडीच्या यंत्रांची. पत्रके मी अजूनही लिहितो, पण त्यांतली एकही ओळ मला हे यंत्र मिळवून देत नाही.

गेल्या होळीनंतर धडगावच्या वाटेने चालत मी त्याच्या पाड्यावर गेलो. त्याने स्वतःचे शेत केले आहे, उतारावरचे, दगडांचे. घरात शिरल्यावर त्याने कणगीतल्या ज्वारीत हात खुपसून कापसाची गुंडाळी काढली आणि ती माझ्या पुढ्यात सोडली. गुळाच्या रंगावर एका कडेला पांढरे ठिपके उठले होते, मोहरीएवढे.

"एक पानकायामा इतलं व्हयनं," तो म्हणाला. पावसाळा डोंगरात लवकर येतो आणि उशिरा जातो.

मी त्याच्याशी आबांच्या वडिलांविषयी बोललो. आबा त्या दिवशी घागरीपाशी कसे बसले होते, ते त्यानेही पाहिले होतेच. त्याने कापसाला चिकटलेले ज्वारीचे दोन दाणे टिपून कणगीत टाकले.

"यंत्र मियनं ते आबाले बी ली ये," तो म्हणाला. "सांगी दे त्याले. मंग बांधो माले." मग त्याने नळी पुन्हा गुंडाळली, हळूच, बोटे आतून घालून, रेघांना स्पर्श होऊ न देता. "दादा, हाई कितला पानकाया टिकी?"

"माले माहीत नही," मी म्हणालो.